परमुलखाचा दरवाजा आणि वकील



कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाणारी वाट मलकापूर ओलांडून आंब्याच्या घाटमाथ्यावर येते. हा सारा मुलूख शाहूवाडी तालुक्याचा. १६६० साली पन्हाळ्याहून निघालेले शिवछत्रपती ज्या विशाळगडावर सुखरूप पोचले तो गड याच तालुक्यात आहे, आणि त्या वाटेवर बाजीप्रभूंनी जे केले ते आपणांपैकी प्रत्येकास बालपणापासून ठाऊक आहे. आज मला त्या वाटेवरील लढाईविषयी बोलावयाचे नाही. बोलावयाचे आहे ते हद्दीविषयी. १९४९ पर्यंत या घाटमाथ्यावरील रयत कोल्हापूर संस्थानची होती. त्यातही कित्येक गावे विशाळगडकर पंत प्रतिनिधींच्या जहागिरीत मोडत. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर त्यांचे ठाणे गडावरून मलकापुरास आले होते. घाट उतरून साखरप्याकडे वळले की रत्नागिरी जिल्हा, म्हणजे खालसा इंग्रजी अंमल. एका दिवसाच्या पायपिटीत माणूस जहागीरदार, दरबार आणि सरकार अशा तिघांच्या छायेतून जात असे.

घरच्या व्यवहारात त्याला याची फारशी अडचण भासत नसे. परंतु हाच माणूस मुंबई बंदरातून आगबोटीवर चढू लागला म्हणजे प्रश्न उभा राही: हा प्रजाजन कोणाचा? खालसा मुलखातील माणूस 'ब्रिटिश प्रजाजन' आणि संस्थानी रयत 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती', असा भेद कायद्याने केलेला होता आणि तो पासपोर्टावर लिहिला जाई. शाहूवाडीचा शेतकरी व त्याचा साखरप्याचा व्याही हे एकाच बोटीने निघाले तरी कागदावर दोघांची जात निराळी! परक्या बंदरात उतरताना जो प्रश्न विचारला जातो त्याचे उत्तर माणसाच्या तोंडून घेतले जात नाही, ते कागदावरून घेतले जाते. आणि कागदाची भाषा ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने ती बोलणाऱ्यास आपण वकील म्हणतो. परमुलखाच्या दरवाजाशी उभ्या राहिलेल्या या वकिलाचा थोडासा इतिहास आज आपणांसमोर मांडण्याचा माझा विचार आहे.

वकील हा शब्द आपल्याकडे कोर्टाच्या पुष्कळ आधीचा आहे. मराठी राज्यात वकील म्हणजे परक्या दरबारी आपल्या धन्याचा शब्द पोचविणारा मनुष्य. असे वकील आपण सातासमुद्रापलीकडेही धाडले. १७८१ साली राघोबादादांच्या वतीने हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ व त्यांच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ लंडनला गेले. एडमंड बर्क या प्रसिद्ध मुत्सद्द्याने त्यांस आपल्या घरी ठेवून घेतले आणि सोवळ्याओवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून आपल्या बागेतील काचघर त्यांना मोकळे करून दिले. पुढे साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत झाले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. काम सिद्धीस गेले नाही. कर्ज मात्र झाले. या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताना या मंडळींना कोणी अडविले नाही. अडथळा होता तो घरचाच. हनुमंतराव परत आले तेव्हा त्यांस प्रायश्चित्त घ्यावे लागले.

ही स्थिती पुढे शंभर वर्षे टिकली. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना निरोप देताना लोकांनी धर्माची, जातीची, आरोग्याची शंका काढली. परंतु अमेरिकेच्या सरकारने त्यांच्याजवळ ना व्हिसा मागितला, ना कोणा जामिनाचे नाव विचारले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. दुर्दैवाने ते काम हाती घेण्यापूर्वीच १८८७ मध्ये त्या वारल्या. तथापि त्या निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. दरवाजा मिटू लागला होता. आपल्या लोकांपर्यंत त्याची फळी अद्याप यावयाची होती इतकेच.

ती लवकरच आली. नाताळच्या वसाहतीने १८९७ मध्ये असा कायदा केला की, येणाऱ्या मनुष्यास कोणत्या तरी युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. कायद्यात 'हिंदी' हा शब्द नव्हता; तरी तो कोणासाठी केला हे सर्वांस समजत होते. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये तीच युक्ती उचलली व पन्नास शब्दांची शुद्धलेखनाची परीक्षा ठेविली. परीक्षेची भाषा निवडणार अधिकारी! कॅनडाने १९०८ मध्ये ठरविले की, स्वदेशाहून थेट एकाच प्रवासात येईल त्यालाच उतरू द्यावे. हिंदुस्थानाहून कॅनडास थेट जाण्याची सोय त्या काळी व्यवहारात नव्हतीच. अशा रीतीने कायद्याचे शब्द एक आणि हेतू दुसरा, असा प्रकार सुरू झाला. आणि जेथे शब्द व हेतू यांची फारकत होते तेथे वकिलाचे काम निघते.

या कामातील आपला पहिला मोठा वकील कोण, असे कोणी विचारील तर मी मोहनदास करमचंद गांधी यांचे नाव घेईन. १८९३ साली एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले, १८९४ मध्ये नाताळच्या वरिष्ठ न्यायालयात त्यांनी सनद घेतली आणि पुढे १९०३ पासून जोहान्सबर्ग येथे वकिली केली. तेथील त्यांचा एक अनुभव आजच्या कुटुंबांनाही उपयोगी पडण्याजोगा आहे. ट्रान्सवालमध्ये प्रवेशाचे परवाने देणाऱ्या खात्यात लाच चाले. ज्यांचा हक्क होता ते हेलपाटे घालीत बसत आणि ज्यांचा हक्क नव्हता ते शंभर शंभर पौंड मोजून आत शिरत. गांधींनी पुरावा गोळा केला आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला उभा करविला. पंचांनी त्यांस निर्दोष सोडले; तरीही सरकारने दोघांना नोकरीवरून दूर केले. परवान्याच्या खिडकीपाशी दलाल कसा उत्पन्न होतो व त्याची फी अखेर कोणाच्या गाठीची जाते, हे त्यावेळीच दिसून आले होते.

परंतु खरा धक्का बसला तो कुटुंबाच्या प्रश्नात. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. हिंदुस्थानातून पतीकडे आलेल्या बाई मरियम यांना उतरू द्यावे की नाही, एवढाच वाद होता. न्यायमूर्ती म्हणाले की, ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे त्या धर्माप्रमाणे लागलेले लग्न या देशाच्या प्रवेश-कायद्यापुरते लग्न नव्हे. एका स्त्रीच्या अर्जावरील हा निर्णय. पण त्याचा अर्थ असा झाला की हिंदू, मुसलमान व पारशी अशा हजारो घरांतील गृहिणी कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत आणि त्यांची मुले औरस उरली नाहीत. मंगळसूत्र गळ्यात असून दाखला हातात नाही, अशी ही दशा!

न्यायालयातील हा पराभव न्यायालयातच धुऊन निघाला नाही. स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या. कस्तुरबांना त्याच वर्षी तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. खाणींतील मजुरांनी काम टाकले. इकडे नामदार गोखले आधीपासून झटत होते. हे गोखले कोल्हापूरकरांना परके नाहीत; त्यांचे लहानपणीचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे झाले होते. १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून नाताळकडे जाणारी मुदतबंद मजुरांची भरती थांबविण्याची मागणी केली. ती मान्य होऊन १ जुलै १९११ पासून भरती बंद झाली. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले. अखेर १९१४ मध्ये तेथील सरकारने जो कायदा केला त्याने मजुरांवरील तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि एकपत्नीक हिंदी विवाहांना प्रवेशापुरती मान्यता मिळाली. वकील निर्णयाचा अर्थ सांगू शकतो, त्यातील पळवाट किंवा उणीव दाखवू शकतो. परंतु कायदाच अन्यायाचा असेल तर तो बदलण्याचे काम लोकांचे असते. गांधींनी ही दोन्ही कामे एका अंगरख्यात केली, म्हणून त्यांतील भेद आपल्या नजरेस येत नाही.

त्याच १९१४ साली कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदरात 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ प्रवाशांसह दोन महिने उभे होते. प्रवाशांच्या बाजूने एडवर्ड बर्ड नावाचे वकील उभे राहिले; परंतु जहाजावर जाऊन आपल्या पक्षकारांशी मोकळेपणी बोलण्याचीदेखील त्यांना मुभा नव्हती. एका प्रवाशाचा नमुन्यादाखल दावा चालला व तो हरला. पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या मोजक्या लोकांना उतरू दिले आणि २३ जुलै रोजी जहाज परत फिरविले. त्यांतील कित्येक माणसे कलकत्त्याजवळ बजबज येथे पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. वकील नेमला आणि त्याला पक्षकाराची गाठच पडू दिली नाही, तर ती नेमणूक नावाची राहते. हे या प्रकरणातून शिकावे.

आता मी आपणांस एका अशा वकिलाची हकीकत सांगतो, ज्याला स्वतःचाच खटला लढवावा लागला. त्यांचे नाव सखाराम गणेश पंडित. नावाची ठेवण ऐकताच मराठी श्रोत्यांचे कान टवकारतील. यांचा जन्म १८७५ साली अहमदाबादेत झाला. पुढे ते अमेरिकेस गेले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनदही मिळाली.

येथे थोडा कायदा सांगितला पाहिजे. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व 'गोऱ्या स्वतंत्र माणसास'च मिळू शके. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग हिंदी मनुष्य गोरा की कोण? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयागणिक निराळे येई. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थास न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९०९ मध्ये नागरिकत्व दिले आणि १९१० मध्ये अपिलातही ते कायम राहिले. मानववंशशास्त्राच्या तत्कालीन पुस्तकांत उत्तर हिंदुस्थानातील लोकांस 'कॉकेशियन' म्हणजे गोऱ्यांच्याच वंशात धरलेले असे. वकील त्या पुस्तकांचा आधार घेत. १९२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळताना सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. आपल्या लोकांना वाटले, झाले, आपला प्रश्न सुटला!

परंतु तीन महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांचा निकाल लागला. थिंड हे पंजाबी शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात त्यांनी नोकरी केली होती. त्यांना एकदा नागरिकत्व देऊन काही दिवसांतच काढून घेतले, पुन्हा १९२० मध्ये दुसऱ्या न्यायालयाने दिले, आणि सरकार त्यावर वर गेले. त्यांच्या वकिलांत पंडितही होते. न्यायमूर्ती सदरलँड यांनी, ज्यांनी ओझावाचा निर्णय लिहिला होता त्यांनीच, आता असे लिहिले की, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य मनुष्य ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आणि हिंदी मनुष्यास तो तसे समजत नाही. तीन महिन्यांपूर्वी जे शास्त्र ग्राह्य होते ते अग्राह्य ठरले. कायद्याचा अर्थ पुस्तकांतून काढून रस्त्यावरील माणसाच्या स्वाधीन केला गेला.

येथवरचा पराभव एका मनुष्याचा होता. पण सरकारने लगेच पुढचे पाऊल उचलले. ज्या हिंदी लोकांना पूर्वीच नागरिकत्व मिळाले होते त्यांचे दाखले 'बेकायदेशीर रीतीने मिळविलेले' म्हणून रद्द करण्याचे दावे लावण्यास सुरुवात झाली. ही माणसे कोण होती? कोणी दुकानदार, कोणी शेतकरी, कोणी व्याख्याते. कॅलिफोर्नियात १९१३ पासून असा कायदा होता की, ज्याला नागरिक होण्याचा हक्क नाही त्याला शेतजमीन घेता येऊ नये. म्हणजे नागरिकत्व गेले की जमीनही धोक्यात. शिवाय १९२२ च्या कायद्याप्रमाणे, नागरिकत्वास अपात्र अशा पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व जाई. एक दाखला फाटला की घर, धंदा व पत्नीचा देश ही तिन्ही त्याच्याबरोबर फाटत.

पंडितांवर हा दावा आला तेव्हा त्यांची वकिली, त्यांची मिळकत आणि त्यांची अमेरिकन पत्नी, सारेच पणास लागले. आपण गोरे आहो की नाही, या वादात शिरण्यात आता अर्थ नव्हता. तो दरवाजा थिंड प्रकरणाने बंद केला होता. म्हणून त्यांनी दुसरा दरवाजा शोधला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: १९१४ मध्ये मी अर्ज केला तेव्हा सरकारने त्यास विरोध केला होता. हाच मुद्दा तेव्हाही निघाला, त्यावर न्यायालयाने विचार केला आणि माझ्या बाजूने निर्णय दिला. सरकारने अपील केले नाही. त्या निर्णयावर विसंबून मी दहा वर्षे माझे आयुष्य उभारले. वकिली सुरू केली, घर केले, लग्न केले. मी लबाडी केली नाही, काही लपविले नाही. आता मत बदलले म्हणून सरकार जुना निवाडा उकरून काढील काय?

आपल्याकडील कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील अकराव्या कलमात ते 'प्राङ्न्याय' या नावाने आहे: त्याच पक्षकारांतील तोच वाद एकदा निकालात निघाला की तो पुन्हा चालविता येत नाही. आपल्या गावच्या पंचायतीतही एकदा घातलेला बांध दर पिढीस उखडला जाऊ नये, हीच समजूत होती. न्यायाधीश पॉल मॅकॉर्मिक यांनी पंडितांचे म्हणणे मान्य केले. १९२६ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेविला. आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेण्याचेच नाकारले. त्यानंतर सरकारने अशा प्रकारचे उरलेले दावे सोडून दिले. एका माणसाच्या नेटाने दुसऱ्या कित्येकांची घरे वाचली.

मात्र सर्वांची वाचली नाहीत. वैष्णोदास बगाई हे पेशावरकडील गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत आले होते. त्यांनी दुकान थाटले, १९२१ मध्ये नागरिकत्व मिळविले. थिंड निकालानंतर ते काढून घेण्यात आले. दुकान व घर हातचे गेले. पुढे हिंदुस्थानात नातलगांना भेटण्यासाठी जावे म्हटले तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना, आणि ज्या ब्रिटिश सत्तेचा त्याग केला तिचा पासपोर्ट मागण्यास मन घेईना. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि आपले दुःख एका पत्राने वर्तमानपत्रास कळविले. दोघेही एकाच कायद्याच्या कचाट्यात सापडलेले. एकाच्या हाती कायद्याची विद्या होती आणि जुन्या कागदांतील नेमका कागद पुढे करण्याची दृष्टी होती. दुसऱ्याजवळ पैसा, प्रतिष्ठा व प्रामाणिकपणा ही सारी असून ती पुरली नाहीत. त्यांचे दुर्भाग्य हे त्यांच्या चुकीचे फळ होते, असे मात्र कोणी समजू नये. दोष कायद्याचा होता.

पुढे काळ पालटला. थिंड यांना माजी सैनिक म्हणून १९३६ मध्ये पुन्हा नागरिकत्व मिळाले. २ जुलै १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांस अमेरिकेचे नागरिक होण्याची मोकळीक झाली. परंतु वर्षास अवघे शंभर हिंदी लोक घ्यावयाचे, असा आकडा ठरला. देशवार वाट्याची ती जुनी पद्धत १९६५ मध्ये मोडली, आणि आप्तसंबंध व व्यवसायकौशल्य हे दोन मुख्य मार्ग ठरले. पंडित ते पाहण्यास राहिले नाहीत. १९५९ मध्ये ते निवर्तले. आज महाराष्ट्रातील घरांतून जी मुले अमेरिकेस नोकरीनिमित्त जातात, किंवा ज्यांच्या पत्नी व आईबाप मागाहून जातात, ती बहुतेक याच दोन वाटांनी जातात.

इकडे शाहूवाडीच्या रयतेचेही कागदावरील रूप पालटले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्यघटनेतील नागरिकत्वाची कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासून अमलात आली, आणि घाटमाथ्यावरचा शेतकरी व घाटाखालचा त्याचा व्याही हे दोघेही प्रथमच एका शब्दाने ओळखले जाऊ लागले: भारतीय नागरिक. परंतु नागरिकाला परदेशी जाण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न उरलाच होता. तोही एका व्यापाऱ्याने सोडविला. सतवंतसिंग सॉहनी हे आयात-निर्यातीचा धंदा करणारे गृहस्थ. सरकारने त्यांना पासपोर्ट परत करण्यास सांगितले तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येणार नाही. तोवर पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. या निकालानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले व म्हणाले की, ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे.

श्रोतेहो, इतका इतिहास सांगितल्यावर आपण विचाराल की, आज ज्यांच्या घरचा मुलगा, मुलगी किंवा धंदा परदेशाच्या दरवाजाशी उभा आहे त्यांनी यातून काय घ्यावे? मला तीनचार गोष्टी दिसतात.

पहिली ही की, वकील व दलाल यांतील भेद ओळखावा. वकिलाच्या मागे सनद असते, आणि सनद देणारी संस्था त्याला जाब विचारू शकते. अमेरिकेत अशा कामात पक्षकाराच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार मुख्यत्वे सनदी वकिलास, आणि सरकारने मान्यता दिलेल्या संस्थांच्या प्रतिनिधींस आहे. कॅनडात परवानाधारक सल्लागारांसाठी २०२१ पासून स्वतंत्र नियामक संस्था आहे. इंग्लंडातही सल्लागारास नोंदणी लागते. परदेशी नोकरीस माणसे पाठविणाऱ्या मध्यस्थांवर आपल्याकडे १९८३ च्या कायद्याने नोंदणीचे बंधन घातले. नाव त्या त्या नोंदवहीत आहे की नाही, हे पाहण्यास फी पडत नाही. जोहान्सबर्गच्या शंभर पौंडवाल्यांचे वंशज आजही सर्व देशांत आहेत, व 'काम शंभर टक्के करून देतो' ही त्यांची खूण आहे. खरा वकील निकालाची हमी देत नाही. तो फक्त मेहनतीची व सचोटीची हमी देतो.

दुसरी गोष्ट कागदांची. पंडितांना वाचविले ते १९१४ च्या जुन्या कागदांनी. जन्माचा दाखला, विवाहाची नोंद, शिक्षणाची प्रमाणपत्रे यांत नावाचे एकेक अक्षर सारखे आहे की नाही, हे निघण्यापूर्वी घरी बसून पाहावे. आपल्याकडे लग्नानंतर सुनेचे नाव बदलण्याची चाल आहे, वडिलांचे नाव मधे घालण्याची रीत आहे, एकाच आडनावाची दोन तऱ्हेची इंग्रजी स्पेलिंगे आहेत. परदेशच्या कारकुनास यातले काही ठाऊक नसते. सर्लसाहेबांसमोर जे लग्नाचे झाले ते आज नोंदणीच्या अभावी होऊ नये, एवढी काळजी आपल्या हातची आहे.

तिसरी गोष्ट सत्याची. वकिलापाशी सर्व हकीकत सांगावी. पूर्वी नाकारलेला अर्ज, संपलेली मुदत, जुना खटला, काहीही लपवू नये. पंडितांची बाजू टिकली त्याचे मोठे कारण हे की त्यांनी न्यायालयापासून काहीच लपविले नव्हते. आणि जो मध्यस्थ खोटे लिहावयास सांगतो, तो पकडला जात नाही. सही आपली असते, म्हणून पकडले जातो ते आपण. फी किती, ती कोणत्या कामाची, सरकारी शुल्क त्यात आहे की बाहेर, आणि अर्ज फेटाळला गेल्यास पुढे काय, हे आरंभीच लेखी घ्यावे. वकील आपल्या कुटुंबाच्या वतीने बोलतो की आपल्याला नोकरीवर बोलाविणाऱ्या कंपनीच्या वतीने, हेही विचारून ठेवावे; धंद्याच्या प्रकरणांत पुष्कळदा तो कंपनीचा असतो आणि दोघांचे हित सदैव एकच असते असे नाही.

शेवटची गोष्ट अशी की, प्रत्येक अर्जास वकील लागतोच असे नाही. सरळ वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा प्रवाशाने नियम नीट वाचून स्वतः अर्ज भरला तरी चालते. परंतु जेथे पूर्वीचा नकार आहे, जेथे पत्नी वा मुलांचा हक्क एका कागदावर लोंबकळतो आहे, जेथे भांडवल गुंतले आहे, किंवा जेथे सरकारने उलट नोटीस काढली आहे, तेथे जाणत्याचा सल्ला घेण्यास उशीर करू नये. अमेरिकेत हद्दपारीच्या खटल्यात वकील नेमण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, पण त्याचा खर्च सरकार देत नाही; तो ज्याचा त्याने सोसावयाचा. म्हणूनच तेथील मराठी मंडळींनी नव्याने आलेल्यांना योग्य वकिलाचे नाव सांगणे, दोन शब्दांचा आधार देणे, याला मोठी किंमत आहे. रंगो बापूजींना परमुलखात जो एकटेपणा सोसावा लागला, तो आज आपल्या माणसांच्या वाट्यास येण्याचे काही कारण नाही.

विशाळगडाच्या पायथ्यापासून निघालेला तरुण आज दोन दिवसांच्या आत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास पोचतो. त्याच्या आईवडिलांनी शिदोरीबरोबर त्याच्या कागदांची पिशवीही एकवार उघडून पाहावी, इतकीच माझी विनंती आहे.